गेटवर व्हिडिओ डोअर फोन: तार कुठली, कुलूप कुठलं, रिले कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणजवळच्या गावात बंगला, तिथे आईवडील राहतात, मुलगा ठाण्यात. गेट ते घर ४० मीटर. गेटच्या जांभ्याच्या खांबावर कॅमेऱ्याची बेल, खाली हॉलमध्ये एक मॉनिटर, वरच्या मजल्यावर दुसरा, मुलाच्या मोबाईलवर चित्र, आणि मोठ्या गेटशेजारचं माणसांचं छोटं गेट घरातून बटण दाबून उघडायला हवं. गेटच्या दिव्यांसाठी जमिनीखालून एक इंची पाईप आधीच गेलेला आहे. एक वायरमन म्हणतो, "एक कॅट-सिक्स (नेटवर्कची आठ तारांची केबल) खेचली की सगळं त्यातच होतं." दुसरा म्हणतो, "फोर-कोअर टाका, चार तारांचा सेट बसवून देतो." कुणाचं ऐकायचं?

पहिल्याचं अर्धं ऐका. दुसऱ्याचा सेट वाईट नाही, पण तो तुमच्या कामाचा नाही.

चार तारांचा सेट म्हणजे जुना अॅनालॉग प्रकार. एका तारेवर १२ व्होल्ट, एकीवर आवाज, एकीवर चित्र आणि एक सगळ्यांची कॉमन ग्राउंड. फ्लॅटच्या दाराबाहेर बेल आणि आत हॉलमध्ये मॉनिटर, मध्ये सात-आठ मीटर तार, अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. तार लांबली की मात्र दोन गोष्टी एकदम बिघडतात. १२ व्होल्ट पोचेपर्यंत दहाच्या खाली येतात आणि रात्री कॅमेऱ्याचे एलईडी पेटले की चित्र थरथरतं. शिवाय चित्राची तार साध्या फोर-कोअरमध्ये बाकीच्या तारांना चिकटून जाते, त्यामुळे आवाजाची गुणगुण चित्रात आडव्या पट्ट्या होऊन दिसते. ४० मीटरवर हे होणारच. दुसरा मॉनिटर आणि मोबाईल जोडायचा तर आणखी डबे लागतात ते वेगळेच.

मधला प्रकार दोन तारांचा डिजिटल. वीज, आवाज, चित्र आणि कुलपाचा हुकूम, सगळं एकाच पिळाच्या जोडीवरून जातं आणि बहुतेक मॉडेलांत उलटसुलट जोडलं तरी फरक पडत नाही. जुन्या सोसायटीत, जिथे बेलची किंवा इंटरकॉमची तार भिंतीत आहे आणि भिंत फोडायची नाही, तिथे मी हाच सुचवतो. तिथे दोन पथ्यं पाळायची. साखळीतल्या शेवटच्या मॉनिटरवरचा टर्मिनेशनचा छोटा स्विच ऑन करायचा, नाहीतर चित्राला भुतासारखी दुहेरी कड येते. आणि मजल्यागणिक डिस्ट्रिब्युटर टाकायचा, म्हणजे एका फ्लॅटमध्ये शॉर्ट झालं तर पूर्ण विंग बंद पडत नाही.

तुमचं काम नव्याने होतंय, तार नव्याने जाणार आहे, मोबाईल हवा आहे आणि मॉनिटर दोन आहेत. तेव्हा आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा प्रकार घ्या. गेटवरचं युनिट आणि दोन्ही मॉनिटर कॅट-सिक्सने घरातल्या एका पीओई स्विचवर (डेटाच्या तारेतूनच वीज देणारा नेटवर्कचा डबा) येतील, स्विच राउटरला जोडला जाईल. वीज त्याच तारेतून जाते, म्हणून गेटवर अॅडॉप्टर लागत नाही. नेटवर्क केबलची १०० मीटरची मर्यादा तुमच्या ४० मीटरला सहज पुरते. खरेदी करताना युनिट आणि स्विच दोन्ही ८०२.३एएफ या मानकाचे आहेत ना, एवढं बघा. काही कंपन्या सेटसोबत स्वतःच्या पद्धतीची वीज देणारा स्विच देतात, तो दुसऱ्या कंपनीच्या युनिटला चालत नाही आणि त्या युनिटला दुसरा स्विच चालत नाही.

आता पहिल्या वायरमनचं चुकलेलं अर्धं, म्हणजे कुलूप. या कामांत पैसे आणि मनस्ताप बहुतेक वेळा इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीओईमध्ये वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते. गेटचं युनिट सात-आठ वॅट खातं, म्हणजे करंट ०.१५ अँपिअरच्या आसपास. एवढ्याशा करंटला ४० मीटरच्या तारेत अर्धा व्होल्टही गळत नाही. कुलूप मात्र १२ व्होल्टचं असतं आणि त्याला झटक्याला एक अँपिअर तरी लागतो, काहींना त्याहून बराच जास्त. नेमका आकडा कुलपाच्या लेबलवर असतो, दुकानातच वाचा. करंट घरातून जातो आणि परत येतो, म्हणून हिशोब ४० नव्हे तर ८० मीटर तारेचा धरायचा. कॅट-सिक्सच्या एका जोडीचा रोध एवढ्या लांबीला साडेपाच ओहमच्या जवळ येतो. एक अँपिअर वाहिला की साडेपाच व्होल्ट वाटेतच संपले, कुलपाला उरले साडेसहा. ते 'टक्' असा आवाज करतं आणि उघडत नाही.

फोर-कोअर अलार्म केबल आणखी बारीक. तिचा एक गाभा जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटरचा असतो, रोध सात ओहमच्या आसपास जातो. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतलीत तर तीन ओहम, १.५ ची घेतलीत तर एक ओहम. म्हणून कुलपासाठी १.५ चौरस मिलिमीटरची टू-कोअर तांब्याची केबल स्वतंत्र टाका. एक व्होल्ट जाईल, तो भरून काढायला एसएमपीएसवर (घरातल्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) 'अॅडजस्ट' लिहिलेला छोटा स्क्रू असतो. तो फिरवून आउटपुट १३ व्होल्ट करायचं. कुलपाचा करंट एक अँपिअरहून बराच जास्त असेल तर २.५ ची केबल घ्या. ४० मीटर केबलच्या दरातला फरक खणण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

"गेटच्या युनिटमध्येच कुलपाचं आउटपुट असतं, ते का वापरायचं नाही?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्या आउटपुटची क्षमता बहुतेक वेळा तोकडी असते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. युनिट गेटच्या बाहेरच्या बाजूला असतं. दोन स्क्रू काढून ते उचकटलं की मागे कुलपाच्या दोन तारा उघड्या मिळतात. त्या एकमेकींना टेकवल्या की गेट उघडलं, ना पासवर्ड लागला ना कार्ड. हजारो रुपयांचं यंत्र बसवून चावी खांबाला टांगून ठेवण्यातला हा प्रकार. म्हणून रिले, म्हणजे हुकूम आला की कुलपाची वीज जोडणारा स्विच, घरातच हवा. बहुतेक आयपी कंपन्या यासाठी वेगळं सिक्युरिटी मॉड्यूल विकतात. ते घरात एसएमपीएसशेजारी बसतं आणि गेटच्या युनिटशी आरएस-४८५ च्या दोन तारांनी बोलतं. काही मॉडेलांत मॉनिटरमध्येच रिले असतो, तेही चालेल. बाहेरचं युनिट कुणी उपटलं तरी त्याच्या हाती फक्त डेटाच्या तारा येतील. एवढी तजवीज करून कुलपाची केबल खांबाच्या बाहेरच्या अंगाने उघडी सोडू नका. ती खांबाच्या आतून, गेटच्या आतल्या बाजूलाच निघाली पाहिजे.

आता जोडणी. एसएमपीएसचा प्लस रिलेच्या 'कॉम'वर (सामाईक टोक). रिलेच्या 'एनओ'वरून (एरवी तुटलेलं टोक) १.५ च्या केबलची एक तार कुलपाकडे. दुसरी तार कुलपाकडून थेट एसएमपीएसच्या मायनसवर. 'एनसी' (एरवी जोडलेलं टोक) रिकामा. याच 'कॉम' आणि 'एनओ'ला समांतर एक साधं बेलचं पुश बटण हॉलमध्ये लावून टाका. नेटवर्क बंद असो, मॉनिटर हँग झालेला असो, ते बटण दाबलं की गेट उघडणार. वडीलधाऱ्यांच्या घरात टचस्क्रीनपेक्षा याच बटणाचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे.

कुलपाच्या टर्मिनलवर, म्हणजे गेटच्या टोकाला, १एन४००७ हा डायोड उलटा जोडायचा. त्याच्या अंगावर रुपेरी पट्टा असतो, ती बाजू प्लसकडे. कुलपातल्या कॉइलचा करंट तुटताना जो उलटा झटका येतो तो डायोड गिळतो. तो नसला की काही महिन्यांत रिलेचे पॉइंट जळतात किंवा चिकटतात आणि चिकटलेल्या रिलेमुळे कुलपाची कॉइल तापून जाते. गेट उघडलं की लगेच युनिट रीस्टार्ट होतं, ही तक्रारही पुष्कळदा या डायोडअभावीच येते. डायोड उलट्या दिशेने लागला तर सरळ शॉर्ट होईल, तेव्हा जोडण्याआधी पट्टा दोनदा बघा. कुलूप एसी असेल तर डायोड चालत नाही, तिथे व्हॅरिस्टर लागतो. पण नवं घेताय तर डीसीच घ्या.

कुलूप कुठल्या जातीचं, हे आता. दुकानदार चुंबकी कुलूप दाखवेल. ६०० पाउंडांचं, गुळगुळीत, देखणं. ऑफिसच्या काचेच्या दाराला ते उत्तम आहे. गावातल्या गेटला नको. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवतं, वीज गेली की सुटतं. जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी पडून लाईन तुटली की लाईट दोन दोन दिवस येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेवढे दिवस बॅटरी पुरणार नाही, गेट उघडं राहील. शिवाय ते चोवीस तास अर्धा अँपिअर खात बसतं. तुम्हाला हवं ते झटक्यावर चालणारं रिम लॉक. बाहेरून चावी, आतून नॉब किंवा चावी, आणि १२ व्होल्टचा झटका मिळाला की जीभ आत. वीज नसली की ते बंदच राहतं आणि चावीने उघडतं. मॉड्यूलमध्ये अनलॉकचा वेळ एक-दोन सेकंदच ठेवा. "बाबांना गेटपर्यंत जायला वेळ लागतो" म्हणून कुणी तो तीस सेकंद करून ठेवतो आणि कॉइल जाळतो. तशी गरजही नसते. असल्या बहुतेक कुलपांत झटका मिळाल्यावर जीभ आतच अडकून राहते आणि गेट उघडून परत लावल्यावरच बाहेर येते.

कुलूप लावण्याआधी फॅब्रिकेटरला बोलावून गेटचे बिजागर तपासा. गेट अर्धा इंच जरी खाली बसलेलं असेल तर जीभ पट्टीत घासते आणि कितीही व्होल्ट दिले तरी सुटत नाही. इलेक्ट्रिशियन मग तारा तपासत बसतो. हाताने चावी फिरवून बघा. चावी सहज फिरत नसेल तर दोष लोखंडात आहे.

आता तो आधीचा एक इंची पाईप. त्यात गेटच्या दिव्यांची २३० व्होल्टची तार आहे, म्हणून त्यात कॅट-सिक्स घालायची नाही. वायरमन म्हणेल, "साहेब, इन्सुलेशन असतं ना." असतं, पण पावसाळ्यात जमिनीतला पाईप पाण्याने भरतो, तार खेचताना कुठेतरी साल निघालेली असते, आणि मग फेज ज्या तारेत उतरतो ती तार आईंच्या हाताखालच्या मॉनिटरपर्यंत येते. चित्रात पट्ट्या येणं हा त्या मानाने किरकोळ त्रास. डेटा आणि कुलूप यांचा पाईप वेगळाच.

जमीन मातीची असेल तर दीड-दोन फूट खोल चर खणून सव्वा इंची जाड पाईप टाका, वर विटांचा एक थर द्या, म्हणजे पुढे कुणाची कुदळ थेट पाईपवर बसणार नाही. खाली कातळ लागला तर खणण्याचा हट्ट सोडा. कंपाउंडच्या गडग्याच्या आतल्या अंगाने जीआय पाईप क्लॅम्प मारून न्या, तो दिसतो पण दुरुस्तीला सोपा. वळणावर एल्बो नको, लांब बेंड घ्या, आणि दर दहा-पंधरा मीटरवर व प्रत्येक वळणावर इन्स्पेक्शन बॉक्स ठेवा. पाईपमधून दोन कॅट-सिक्स (एक युनिटला, दुसरीतली एक जोडी आरएस-४८५ ला, बाकी राखीव) आणि एक १.५ ची टू-कोअर जाईल. शेवटी एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा. पुढे काही वाढवायचं झालं तर ती दोरी तुमचे दोन दिवस वाचवेल.

कॅट-सिक्स बाहेरच्या वापराची हवी, काळ्या पॉलिथीनच्या जाकिटाची. घरातली राखाडी पीव्हीसी तार पाण्यात राहिली की वर्ष-दोन वर्षांत जोड्यांमध्ये ओल शिरते आणि लिंक येते-जाते, येते-जाते. आणि शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार 'कॅट-सिक्स' म्हणूनच सर्रास मिळते. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि दमट हवेत तिची टोकं पांढरी होऊन तुटतात. ओळखायची कशी? ब्लेडने गाभा खरवडा, आत रुपेरी निघाला तर परत करा. खात्री हवी असेल तर ३०५ मीटरच्या पूर्ण बॉक्सची दोन्ही टोकं काढा, एका टोकाला जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावा. चांगल्या तांब्याला ५७ ओहमच्या वर आकडा येत नाही. ऐंशी-नव्वद आला तर दुकानदाराशी वाद घालण्याची गरज नाही, मीटर दाखवा.

आकाशातल्या विजेचं काय? मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसातल्या कडकडाटात ४० मीटर लांब तार म्हणजे झटका पकडणारी काठीच. थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेने जी यंत्रं जातात ती वाचवता येतात. पीओई सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीत सोडणारा डबा) दोन्ही टोकांना लावा. घरातला घराच्या अर्थिंगला, गेटचा गेटशेजारी ठोकलेल्या वेगळ्या रॉडला. अर्थिंग न जोडलेला प्रोटेक्टर निव्वळ शोभेचा, आणि बसवणारे बरेचदा ती हिरवी तार गुंडाळून डब्यात कोंबून जातात. झाकण उघडून स्वतः बघा.

एसएमपीएस, पीओई स्विच, मॉड्यूल आणि राउटर, सगळं इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. राउटर विसरला जातो, आणि मग लाईट गेल्यावर घरात मॉनिटर चालतो पण ठाण्यात मोबाईलवर काही दिसत नाही. इंटरनेटवाल्याचा फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही. इन्व्हर्टर पलटताना क्षणभर वीज तुटते, त्यात स्विच रीस्टार्ट होत असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस मध्ये टाका. त्याचे व्होल्ट आणि अँपिअर तुमच्या यंत्राशी जुळले पाहिजेत.

खांब जांभ्याचा आहे, त्याची गंमत वेगळी. जांभा मऊ आणि सच्छिद्र. ड्रिल लोण्यासारखं जातं, भोक मोठं होतं आणि प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. युनिटची मागची पेटी स्क्रूवर टांगू नका. खाच काढून पेटी सिमेंटात बसवा आणि सुकू द्या. खांब पावसाळाभर पाणी पितो, म्हणून पेटीच्या पाठीला आणि बाजूंना वॉटरप्रूफिंगचा हात मारा. युनिट बसल्यावर सिलिकॉन वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना भरा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या की आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन, नेटवर्कच्या आयपीशी संबंध नाही) असं लिहिलेलं असतं ते समोरून येणाऱ्या पावसासाठी. मागून भिंतीतून येणाऱ्या ओलीचं उत्तर त्यात नाही. वर छोटं छज्जासारखं कव्हर मिळतं, ते घ्याच. तार पेटीत शिरण्याआधी खाली एक लोंबतं वळण ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकेल.

आणि मुंग्या. कोकणातल्या बंद पडलेल्या डोअर फोनांपैकी कितीतरी पेट्या उघडल्यावर आत मुंग्यांचं वारूळ निघतं. पेटी उबदार असते, कोरडी असते, त्यांना आवडते. पाली बारीक भोकातून येतात आणि टर्मिनलवर मरतात. पाईपचं पेटीतलं तोंड डक्ट सीलने बंद करा. पाणी जायला खाली जी फट ठेवलीय तिथे बारीक जाळी लावा.

कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून भिंगापर्यंत १४५ ते १५० सेंटिमीटर. जमीन म्हणजे माणूस उभा राहतो ती जागा. रस्ता गेटपासून उतरता असेल तर तिथून मोजा. खांब पश्चिमेला तोंड करून असेल तर संध्याकाळी चार ते सहा पाहुणा काळी आकृती दिसेल. डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारी सोय) असलेलं युनिट घेतलं तर चेहरा थोडा उजळतो, पण शक्य असेल तर दुसरा खांब निवडा, पैसे पडत नाहीत. रात्रीसाठी गेटवर सेन्सरचा दिवा असेल तर तो युनिटच्या वर आणि किंचित पुढे हवा, समोर नको.

आता जुळवणी. सगळं भिंतीवर चढवण्याआधी टेबलावर जोडून बघा: स्विच, युनिट, दोन्ही मॉनिटर, मॉड्यूल, कुलूप, सगळं हातभर तारांनी. बेल वाजते, चित्र येतं, कुलूप सुटतं, दोन्ही मॉनिटरवरून बोलता येतं, हे टेबलावर ठरलं की पुढे काही बिघडलं तर दोष यंत्रात नाही, तारेत आहे हे कळतं. हे न करणाऱ्या माणसाला काम देऊ नका, असंच मी म्हणेन.

एकाच मॉडेलची दोन यंत्रं बरेचदा कारखान्यातून एकाच आयपी पत्त्यावर येतात. दोन्ही मॉनिटर एकदम जोडले की भांडतात. एकेक जोडून पत्ता बदला. पत्ते राउटरच्याच मालिकेतले पण राउटर आपोआप वाटतो त्या पट्ट्याबाहेरचे द्या, आणि ते स्थिर ठेवा. खालचा मॉनिटर मुख्य, वरचा एक्स्टेन्शन. गेटच्या युनिटमध्ये घराचा क्रमांक आणि मॉनिटरमधला क्रमांक जुळला नाही तर बेल दाबूनही घरात काही वाजत नाही. 'युनिट खराब आहे' म्हणून परत गेलेल्या कितीतरी सेटांत दोष एवढाच असतो. प्लग लावताना दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

मोबाईल ॲपचं खातं मुलाच्या स्वतःच्या नंबरवर उघडा. बसवणारा घाईत स्वतःच्या फोनवर क्यूआर स्कॅन करून यंत्र नोंदवतो आणि तुम्हाला 'शेअर' करतो. मालकी मग त्याच्याकडे राहते. तुमच्या गेटची बेल त्याच्या फोनवर वाजू शकते आणि कुलपाचं बटणही त्याच्याकडे असतं. त्याची नियत कितीही चांगली असो, हे नको. युनिटचा आणि मॉनिटरचा ॲडमिन पासवर्ड तुम्ही टाका. गेटवर कीपॅडचा पिन असेल तर कारखान्याचा पिन बदला.

मॉनिटर वायफायवर घेऊ का, तार वाचेल, असंही विचारलंय. वरच्या मजल्यावरचा घ्या हवं तर, स्लॅबमधून सिग्नल पोचत असेल तर. गेटचं युनिट कधीच नको. ४० मीटर, मध्ये भिंती, समोर लोखंडी गेट. पावसात भिजलेल्या झाडांमधून सिग्नल अडखळतो आणि कुरियरवाला तेवढा वेळ थांबत नाही.

बसवून झाल्यावर कुलूप उघडत नसेल तर मल्टीमीटर घेऊन दोन माणसं लागतात. एकाने गेटवर कुलपाच्या दोन टर्मिनलना मीटरचे प्रोब धरायचे, दुसऱ्याने घरात बटण दाबायचं. कुलपाच्या तारा काढून मोजलं तर तिथे १२-१३ व्होल्ट दिसतातच आणि सगळे म्हणतात "सप्लाय तर येतोय". कुलूप जोडलेलं असताना, बटण दाबलेल्या क्षणी मोजा. झटका फार छोटा असेल तर चाचणीपुरता अनलॉकचा वेळ तीन सेकंद करा, मग परत कमी करा. ११ च्या वर आकडा असेल आणि तरी कुलूप अडत असेल तर गेट घासतंय. आकडा सात-आठवर कोसळत असेल तर कुठेतरी बारीक तार वापरलीय किंवा सांधा ढिला आहे. मग घरातल्या टोकापासून प्रत्येक बॉक्समध्ये मोजत चला. ज्या बॉक्सनंतर आकडा पडतो, सांधा तिथे. पिळून टेप मारलेला सांधा बाहेर कुठेच ठेवू नका. सोल्डर करून त्यावर चिकट थराची हीट-श्रिंक नळी चढवा, नाहीतर जेल भरलेले कनेक्टर वापरा.

चित्र येतं पण बोलणं शिट्टीसारखं घुमतं, ही तक्रार ४० मीटरवर सहसा येत नाही. आली तर मॉनिटरचा आवाज कमी करण्याऐवजी गेटच्या युनिटचा मायक्रोफोन कमी करा. वडिलांना ऐकू कमी येत असेल तर मॉनिटरचा आवाज मोठाच हवा. ऐकण्याची खरीच अडचण असेल तर मॉनिटरच्या बेल आउटपुटवर स्वयंपाकघरात वेगळी घंटा लावता येते, मॉडेल निवडताना ते आउटपुट आहे का विचारा.

काम संपलं की वायरमनकडून एक कागद मागा: कुठल्या रंगाची तार कुठे गेली, कुठला आयपी पत्ता कुणाचा, इन्स्पेक्शन बॉक्स कुठे पुरलेत. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्विचच्या पेटीत चिकटवा आणि फोनमध्ये फोटो ठेवा. रिम लॉकच्या चाव्यांपैकी एक शेजाऱ्यांकडे, एक ठाण्याला.